महागड्या लंडनच्या मध्यभागी परवडणारा मुक्काम

लंडनला जायचे ठरल्यावर मुक्कामाचा प्रश्न विमानाच्या तिकिटाहून अवघड निघाला. हॅरोला राहणाऱ्या मावसभावाने "घर असताना हॉटेलात कशाला पैसे घालवता?" असा आग्रह धरला होता आणि तो मनापासूनचा होता. परंतु हॅरोहून शहराच्या मध्यभागी यायचे म्हणजे घर ते स्थानक, मग भुयारी रेल्वे आणि तिथून पुढे पायी किंवा बसने इच्छित स्थळ, असा एका बाजूला तासाभराचा हिशेब पडतो. सकाळी बाहेर पडलेला माणूस रात्रीच घरी परततो, आणि मधल्या वेळात पाय दुखले, पाऊस आला किंवा नुसते आडवे व्हावेसे वाटले तरी त्याला हक्काची जागा नसते. माझ्याबरोबर सदुसष्ट वर्षांची ताई होती. तिचे गुडघे चालतात, पण दुपारी तासभर पाठ टेकायला मिळाली तरच संध्याकाळी चालतात. त्यामुळे खोली कितीही लहान असली तरी हरकत नाही, पण दुपारी तिथे पायी परतता आले पाहिजे, ही एक अट मी पक्की केली आणि बाकीच्या सगळ्या अपेक्षा तिच्या मागे ठेवल्या.

मेफेअर, सोहो आणि कॉव्हेंट गार्डन ही नावे दर पाहताक्षणीच गळली. काही नव्या, चकचकीत आणि स्वस्त म्हणवणाऱ्या हॉटेलांत दर आवाक्यात दिसले, परंतु तपशील वाचल्यावर त्या खोल्यांना खिडकीच नाही असे कळले, आणि खिडकी नसलेल्या खोलीत दुपारी झोपून उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे घड्याळालाच विचारावे लागते. शेवटी शोध ब्लूम्सबरीवर येऊन थांबला. ब्रिटिश म्युझियमपासून यूस्टन रस्त्यापर्यंतचा हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी वसला. बरीचशी जमीन बेडफर्डच्या ड्यूक घराण्याची होती आणि चौकोनी बागा मधोमध ठेवून त्यांच्याभोवती एकमेकांना चिकटलेल्या चारमजली घरांच्या रांगा तिथे उभ्या राहिल्या. ही घरे सुखवस्तू कुटुंबांसाठी होती, पण पुढे श्रीमंतांची पसंती पश्चिमेकडे सरकली. १८३७ साली यूस्टन, १८५२ साली किंग्ज क्रॉस आणि १८६८ साली सेंट पँक्रस अशी तीन मोठी रेल्वेस्थानके उत्तरेच्या कडेला आली, विद्यापीठ वाढले, रुग्णालये आली, आणि मग विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक व रात्रीच्या गाडीने उतरणारे प्रवासी यांच्यासाठी यांतल्या कितीतरी घरांची निवासगृहे झाली. त्यांतली काही अजूनही एकेका कुटुंबाच्या हाती आहेत. शहराच्या ऐन मध्यभागी परवडणारी खोली मिळते ती या इतिहासामुळे, कुणी मेहरबानी करते म्हणून नव्हे.

बुधवार

मुंबईहून रात्री निघालेले विमान हीथ्रोला सकाळी उतरले. विमानतळावरून शहरात येण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांच्या भाड्यांतली तफावत डोळे उघडणारी होती. पॅडिंग्टनला पाव तासात पोहोचवणाऱ्या हीथ्रो एक्सप्रेसचे पूर्ण भाडे तेव्हा माणशी पंचवीस पौंड होते, २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनचे तेरा-चौदा पौंड, तर जुन्या पिकॅडिली लाइनचे सहा पौंडांच्या आत. पिकॅडिली लाइनला सुमारे तासभर लागतो हे खरे, परंतु गाडी विमानतळावरूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते आणि ती थेट रसेल स्क्वेअरला थांबते. जड सामान घेऊन मध्ये गाडी बदलावी लागत नाही, याची किंमत तासाभराच्या वेळेपेक्षा मला अधिक वाटली. तिकीट काढण्याची गरज पडली नाही. बँकेचे कार्ड फाटकाला टेकवले की पैसे आपोआप कापले जातात आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा अधिक कापले जात नाहीत. मात्र प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. एकाच कार्डावर दोघांनी जाता येत नाही, हे आम्ही निघण्यापूर्वीच पाहून ठेवले होते.

रसेल स्क्वेअरचे स्थानक १९०६ सालचे आहे आणि त्याच्या दर्शनी भागावर गडद तांबड्या, चकाकत्या फरशा आहेत. लिफ्टने वर येऊन आम्ही चाकांच्या पिशव्या ओढत सात-आठ मिनिटांत निवासगृहाशी पोहोचलो. खोलीचा ताबा दुपारी दोनला मिळणार होता, परंतु सामान ठेवून घ्यायला त्यांची ना नव्हती. स्वागतकक्ष म्हणजे जिन्याखालच्या कोनाड्यात बसवलेले एक टेबल होते. तिथल्या बाईंनी पारपत्रे पाहिली, मी पाठवलेले पत्र काढून "दुसरा मजला, मागची बाजू" हे शब्द मोठ्याने वाचले आणि तशीच खोली राखून ठेवल्याचे सांगितले.

या पत्राविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. ब्लूम्सबरीतल्या या घरांना वारसा म्हणून संरक्षण आहे, त्यामुळे मूळ जिना तोडून लिफ्ट बसवणे बहुतेक ठिकाणी शक्य होत नाही. तळघरात पूर्वी स्वयंपाकघर असे, तळमजला व पहिला मजला मालकांच्या बैठकीचा, त्यावर शयनगृहे आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, नोकरांच्या खोल्या. आज तीच उतरंड दरपत्रकात दिसते. पहिल्या मजल्यावरच्या उंच खिडक्यांच्या खोल्या महाग, छपराखालच्या स्वस्त. वर जावे तसा जिना अरुंद होतो, पायऱ्या उंच होतात आणि छत डोक्याजवळ येते. शिवाय रस्त्याकडची खोली दिसायला छान असली तरी या भागात मोठी रुग्णालये असल्याने रुग्णवाहिकांचे भोंगे रात्रीही वाजत असतात. म्हणून आरक्षण करतानाच मजला आणि बाजू या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागले नाहीत.

दोन वाजेपर्यंतचा वेळ आम्ही रसेल स्क्वेअरच्या बागेत काढला. मार्च महिना होता. चिनारासारख्या दिसणाऱ्या प्लेन वृक्षांना अजून पालवी नव्हती, पण गवतात पिवळी डॅफोडिल उमलली होती. तिथून जवळच कोरम्स फील्ड्स नावाचे मोठे मैदान आहे. टॉमस कोरम याच्या प्रयत्नांतून १७३९ साली स्थापन झालेल्या अनाथाश्रमाची ही जागा. तिच्या फाटकावर, सोबत मूल असल्याशिवाय मोठ्या माणसांना प्रवेश नाही, अशी पाटी आहे. ताई पाटी वाचून म्हणाली, "अरे, म्हणजे आपल्या दोघांचीही वये इथे जास्तच झाली." आम्ही कुंपणाबाहेरूनच पुढे गेलो.

खोली मिळाली ती अपेक्षेइतकीच लहान होती. दोन एकेरी पलंग, त्यांच्यामध्ये एका माणसाने तिरके होऊन जावे एवढी वाट, भिंतीत एक कपाट, कोपऱ्यात हात धुण्याचे पांढरे भांडे. त्याला गरम पाण्याची तोटी एका टोकाला आणि थंड पाण्याची दुसऱ्या टोकाला, अशी जुनी पद्धत अजून शिल्लक होती. एकीखाली हात भाजतो आणि दुसरीखाली गारठतो, त्यामुळे भांड्यात बूच लावून दोन्ही पाणी एकत्र करूनच तोंड धुवावे लागे. खिडकी वर सरकवून उघडण्याची होती आणि तिच्यातून मागच्या अंगणातले एक उघडेबोडके झाड व शेजारच्या घरांची धुराडी दिसत. स्नानगृह आणि संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर, दोन खोल्यांत मिळून एक. या सामायिक व्यवस्थेमुळेच रोजचा दर ब्याण्णव पौंड होता, म्हणजे तेव्हाच्या विनिमयाने साधारण दहा हजार रुपये, आणि त्यात दोघांचा नाश्ता व वीस टक्के विक्रीकर आलेला होता. स्वतंत्र स्नानगृह असलेली खोली त्याच घरात जवळजवळ चाळीस पौंडांनी महाग होती.

सामायिक संडासाविषयी ताईला कसे सांगावे याची मला काळजी होती, पण ती गिरगावातल्या चाळीत वाढलेली बाई आहे. तिने जिन्याच्या वळणावर जाऊन कडी, दिवा आणि गरम पाणी तपासले, परत येऊन "स्वच्छ आहे, आणि रांग नाही" एवढेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशीपासून सकाळी साडेसहाला पहिला क्रमांक लावून टाकला.

तिचा खरा खट्टूपणा वेगळ्याच गोष्टीवर झाला. दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या सूचनापत्रात मेणबत्ती, उदबत्ती आणि कोणत्याही प्रकारची शेगडी यांना सक्त मनाई होती. छताला धुराची सूचना देणारे यंत्र होते आणि एका खोलीत ते वाजले तर पूर्ण घराला रस्त्यावर उतरावे लागते. लाकडी जिन्याच्या दोनशे वर्षांच्या घरात हा नियम अगदी रास्त आहे. ताईने सोबत आणलेला उदबत्तीचा पुडा पुन्हा पिशवीच्या तळाशी गेला आणि देवाला रोज नुसता नमस्कार झाला.

गुरुवार

नाश्ता तळघरात असे. जमिनीच्या पातळीखालच्या या खोलीला समोरच्या लोखंडी कठड्याआडच्या चौकातून उजेड येतो, आणि खिडकीतून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे फक्त बूट दिसतात. पूर्वी फुटपाथावरच्या गोल लोखंडी झाकणातून कोळसा थेट खालच्या कोठारात ओतत असत. ती झाकणे या गल्ल्यांत जागोजाग अजून आहेत, आणि पाय ठेवण्यापूर्वी त्यांच्यावरची नक्षी पाहण्याची आम्हांला सवयच लागली.

ताटात अंडी, टोमॅटोच्या रसातले बीन्स, परतलेली अळिंबी, भाजलेला टोमॅटो आणि हवा तेवढा टोस्ट. सॉसेज आणि बेकन नको म्हटल्यावर त्यांनी अळिंबी दुप्पट वाढली. ताई अंडी खात नाही, तिने टोस्टवर लोणी लावून त्यावर डबीतले मेतकूट भुरभुरले, आणि शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क गृहस्थांनी कुतूहलाने विचारल्यावर त्यांनाही चमचाभर दिले. त्यांनी ते बीन्सवर घातले. चव आवडली की केवळ सौजन्य होते हे कळायला मार्ग नव्हता, पण ताट त्यांनी स्वच्छ केले.

नाश्ता भरपेट मिळाला की दुपारी सँडविच आणि फळ यांवर निभते, म्हणून नाश्ता धरलेला दर हा महागड्या शहरात मोठाच आधार असतो. दुपारच्या खाण्याची सोय ब्रन्स्विक सेंटरच्या सुपरमार्केटात झाली. पायऱ्यापायऱ्यांची ही काँक्रीटची वसाहत १९७२ सालची. भोवतालच्या विटांच्या शालीन घरांमध्ये ती पहिल्या दिवशी डोळ्यांना खुपते, पण तिथे सँडविच, फळांचा डबा आणि पेय असे मिळून चार-पाच पौंडांत दुपार भागते, त्यामुळे पुढे खुपेनाशी झाली.

सकाळी आम्ही बेडफर्ड स्क्वेअरमार्गे दक्षिणेकडे चालत निघालो. हा चौक १७७५ ते १७८३ या काळात बांधला गेला आणि त्याच्या चारही बाजू जवळजवळ मूळ रूपात टिकल्या आहेत. तिथून चेअरिंग क्रॉस रस्त्याने ट्रफाल्गर चौकापर्यंतचे अंतर जेमतेम दीड किलोमीटर आहे, ते आम्ही पुस्तकांच्या दुकानांशी रेंगाळत पाऊण तासात कापले. नॅशनल गॅलरीत प्रवेशशुल्क नाही. शुल्क नसण्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. तिकिटाचे पैसे वसूल करण्याची घाई नसते. आम्ही व्हॅन गॉखची सूर्यफुले आणि टर्नरची काही चित्रे पाहून तासाभरात बाहेर पडलो, बसने रसेल स्क्वेअरला आलो आणि दीड वाजता ताई पलंगावर आडवी झालेली होती. बसचे भाडे तेव्हा पावणेदोन पौंड होते आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी लेस्टर स्क्वेअरच्या खिडकीवर त्याच दिवसाच्या प्रयोगाची सवलतीची तिकिटे मिळाली. प्रयोग साडेसातला सुरू होऊन दहाच्या सुमारास संपला. नाट्यगृहातून बाहेर पडताना भोवतालचे कितीतरी प्रेक्षक घड्याळाकडे पाहत स्थानकाकडे धावत होते. आम्ही शाफ्ट्सबरी अॅव्हेन्यूने, उघड्या असलेल्या खाणावळींच्या उजेडातून, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांत घरी आलो. हॅरोला उतरलो असतो तर शेवटच्या प्रवेशात माझे अर्धे लक्ष गाडीच्या वेळापत्रकात राहिले असते.

शुक्रवार

ब्रिटिश म्युझियम आमच्या दारापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. ही जवळीक कशी वापरायची याचा विचार मी आधीपासून केला होता. १७५३ साली स्थापन झालेले हे संग्रहालय एका दिवसात पाहू म्हणणारे पर्यटक दुपारी तीनच्या सुमारास कोणत्या अवस्थेत असतात, हे तिथल्या बाकांवर पाहायला मिळते. प्रवेश विनामूल्य असल्याने एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायला पैसे पडत नाहीत, आणि शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. म्हणून आम्ही शुक्रवार त्याच्यासाठी ठेवला आणि तो तुकड्यातुकड्यांनी वापरला.

सकाळी दार उघडताच गेलो. रोझेटा शिलेभोवती दहानंतर अर्ध्या तासातच माणसांची भिंत उभी राहते, तिच्या आधी पोहोचल्यामुळे ताईला काचेशी उभे राहून तिन्ही लिपींच्या ओळी नीट पाहता आल्या. १७९९ साली इजिप्तमध्ये सापडलेली ही शिला १८०२ सालापासून इथे आहे. त्यानंतर असीरियन राजवाड्यांतली शिकारीची शिल्पे पाहिली आणि साडेअकराला बाहेर पडून चहा घेतला.

दुपारच्या विश्रांतीनंतर दुसऱ्या फेरीत अमरावतीच्या स्तूपाचे पाषाण पाहिले. आंध्रातल्या गुंटूर परिसरातून आलेले हे चुनखडीचे शिलापट हवेपासून जपण्यासाठी काचेआड, वेगळ्या दालनात ठेवले आहेत. बुद्धाच्या जागी नुसते रिकामे आसन आणि पावले, त्यांच्याभोवती दाटीने वाकलेले भक्त, हत्तींच्या सोंडांवरच्या सुरकुत्याही मोजता याव्यात असे कोरीवकाम. ताई तिथे बराच वेळ थांबली आणि मग तिने सरळ विचारले, "हे इथे का?" उत्तराची अपेक्षा नसावी, कारण ती पुढच्या पटाकडे वळली होती. हाच विषय निघाला म्हणून सांगतो, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ सालच्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आहेत, त्यामुळे ती पाहण्यासाठी साउथ केन्सिंग्टनला जाण्याचा बेत आम्ही आखलाच नाही.

तिसऱ्यांदा गेलो ते सात वाजता. शाळांच्या सहली निघून गेल्या होत्या. २००० साली खुल्या झालेल्या मधल्या भव्य चौकावर काचेचे छत आहे आणि त्याच्या मध्यभागी १८५७ सालचे गोल वाचनालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना ज्या वाचनालयात दिवसचे दिवस बसत, ते हेच. रात्री छताच्या काचेपलीकडे अंधार होता आणि दगडी जमिनीवर आमच्याच पावलांचा आवाज येत होता. साडेआठला रखवालदाराने नम्रपणे बाहेर काढले आणि पावणेनऊला आम्ही खोलीत होतो. किटलीत पाणी उकळून त्यावर झाकण ठेवून केलेला तयार पिठाचा उपमा हे त्या रात्रीचे जेवण.

शनिवार

आदल्या रात्री स्नानगृहातले गरम पाणी मध्येच गेले होते. सकाळी सांगितल्यावर बाईंनी माफी मागितली, माणूस बोलावला आणि दुपारपर्यंत काम झाले. तोवर वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीतले स्नानगृह वापरायला दिले. लहान जागेत तक्रार थेट मालकाच्या कानापर्यंत जाते, हा तिचा गुण मानायला हवा.

यूस्टनहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरून आम्ही १०, किंग हेन्रीज रोड या घराशी गेलो. १९२१-२२ या काळात बाबासाहेब इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ही वास्तू विकत घेतली. शांत, श्रीमंत वस्तीतल्या विटांच्या रांगेतले ते एक घर आहे, बाहेर निळी गोल पाटी. त्या पाटीपुढे आमच्याआधी नागपूरहून आलेले एक कुटुंब फोटो काढत होते, आणि त्यांनी आमचाही काढून दिला. त्यांचा मुक्काम विमानतळाजवळच्या हॉटेलात होता. दर आमच्यापेक्षा निम्मा, पण रोज जाण्यायेण्यात अडीच-तीन तास आणि माणशी दिवसाचे भाडे वेगळे. त्या गृहस्थांनी आणि मी तिथेच फुटपाथवर उभे राहून हिशेब केला. चौघांच्या कुटुंबाला त्यांचा पर्याय पैशांत खरोखरच स्वस्त पडत होता, दोघांना मात्र फरक बराच कमी होत होता. मुले तरुण असतील आणि दिवसभर बाहेर राहणे जमत असेल तर त्यांचेही गणित चुकीचे नाही.

जवळच्या प्रिमरोज टेकडीवरून शहराचा देखावा पाहिला आणि परतताना यूस्टनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर जेवलो. या एका गल्लीत भारतीय उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने अनेक वर्षांपासून आहेत. भेळपुरीत शेव थोडी मऊ होती, पण चिंचेची चटणी ठीक होती, आणि ताईला गरम आमटीचा वास आल्यावर चेहऱ्यावर तरतरी आली.

दुपारनंतर पुन्हा पायीच. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बागेत मध्यभागी गांधीजींचा बसलेला पुतळा आहे, फ्रेडा ब्रिलियंट यांनी घडवलेला आणि १९६८ साली बसवलेला. चौथऱ्याच्या पोकळीत कुणीतरी ताजी फुले ठेवली होती. समोरची मोठी विटांची इमारत आज ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची आहे, पण ल्युटेन्सने तिचा आराखडा मुळात थिऑसॉफिकल सोसायटीसाठी केला होता आणि पायाभरणी १९११ साली ॲनी बेझंट यांच्या हस्ते झाली होती. पुढे टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ उभारणाऱ्या बेझंटबाई आणि दिल्लीची राजधानी आखणारा ल्युटेन्स यांची गाठ या चौकात पडावी, याचे मला नवल वाटले. याच चौकात २००५ सालच्या जुलैमध्ये बसमध्ये बॉम्बस्फोट झाला होता, त्याचे स्मारकही आहे.

यूस्टन रस्ता ओलांडून ब्रिटिश लायब्ररीच्या विनामूल्य दालनात मॅग्ना कार्टा आणि गुटेनबर्गचे बायबल पाहिले, आणि शेजारच्या सेंट पँक्रस स्थानकासमोर येऊन थांबलो. लाल विटांचे, कमानी आणि मनोरे यांनी भरलेले हे स्थानकापुढचे हॉटेल सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने बांधले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडेही त्याचेच, आणि ते त्याने मुंबईला कधीही न येता काढले. ताईचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत झाले. ती वर पाहत म्हणाली, "म्हणूनच ओळखीचे वाटते आहे." त्या हॉटेलातल्या एका रात्रीचा दर आमच्या अनेक रात्रींच्या बरोबरीचा आहे, रस्त्यावर उभे राहून त्याचा दर्शनी भाग पाहायला मात्र काही लागत नाही.

रविवार

रविवार मावसभावाचा. हॅरोला जेवायला गेलो, वरण-भात, भरली वांगी आणि श्रीखंड असा बेत होता, आणि गप्पांत संध्याकाळ झाली. रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद असतात, त्यामुळे येताना एका टप्प्यावर बस घ्यावी लागली आणि परतायला दीड तास लागला. "रोज असे करावे लागले असते," असे ताई बसमध्ये म्हणाली, तेव्हा मावसभावाकडे न उतरल्याबद्दलची तिची रुखरुख गेली असावी.

सोमवार

खोली अकराला सोडायची होती आणि विमान रात्रीचे होते. सामान पुन्हा जिन्याखाली ठेवले. हा मधला वेळ म्हणजे परदेशप्रवासातला सर्वांत अवघड वेळ असतो, कारण हॉटेल शहराबाहेर असेल तर सामान सोडवायला पुन्हा उलटे जावे लागते. इथे तसे काही नव्हते. आम्ही थिओबाल्ड्स रोडने ग्रेज इनला गेलो. बॅरिस्टर घडवणाऱ्या चार जुन्या संस्थांपैकी ही एक. बाबासाहेब १९२२ साली इथूनच बॅरिस्टर झाले आणि सावरकरही इथलेच विद्यार्थी. तिची बाग कामकाजाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळात सर्वांना खुली असते. काळ्या कोटातले वकील बाकांवर डबे उघडून बसले होते, आम्हीही सुपरमार्केटातले सँडविच तिथेच खाल्ले. वाटेत डाउटी स्ट्रीटवर चार्ल्स डिकन्स राहत असलेले ४८ क्रमांकाचे घर बाहेरून पाहिले.

चार वाजता बिल चुकते केले. आरक्षणाच्या वेळी दिसलेल्या रकमेत एक पेनीही वाढली नव्हती. ताईने बाईंना मेतकुटाची उरलेली डबी दिली आणि भाचीसाठी चौकशी केली, कारण ती मे महिन्यात नवऱ्याबरोबर येणार आहे. मे महिन्यात हीच खोली एकशे तीस पौंडांच्या वर जाते आणि शेवटच्या क्षणी मिळत नाही, असे उत्तर मिळाले. छपराखालची एक खोली मात्र तेव्हा एकशे पाच पौंडांत शिल्लक होती. भाचीचे गुडघे शाबूत आहेत, तेव्हा ती खोली धरून ठेवायला सांगून आम्ही स्थानकाकडे निघालो.